शेणाखालचा काळा भुंगेरा

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला आहे, गायरानावर हिरवी लव दिसू लागली आहे आणि गुरे नुकतीच पुढे गेली आहेत, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. वाटेत एका गाईने पो टाकलेला आहे. तुम्ही-आम्ही तो चुकवून पुढे जातो. पण एखादे दिवशी जरा थांबा. तासाभराने परत या, एक काडी घ्या आणि त्या पोची कड हळूच उचलून बघा. खालची जमीन चाळणीसारखी भोकाभोकांची झालेली दिसेल. भोकांच्या तोंडाशी ताज्या मातीचे बारीक ढीग असतील. आणि त्या मातीत, करंगळीच्या नखाएवढा, काळा, गोटीसारखा टणक असा एक प्राणी उजेडाला भिऊन लगबगीने खाली शिरताना दिसेल.

आमच्याकडे याला शेणकिडा म्हणतात. तुमच्या गावी दुसरे नाव असेल तर तेच चालू द्या. शास्त्रज्ञांनी त्याला ऑन्थोफॅगस असे नाव दिले आहे. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'शेण खाणारा' एवढाच, म्हणजे त्यांनीही काही मोठे निराळे सांगितले असे नाही. या एका नावाखाली जगात दोन हजारांहून अधिक जाती मोडतात. आपल्या माळावरच्या एका पोत त्यांतल्या चार-पाच जाती एकाच वेळी सापडल्या तर नवल मानू नका.

या क्षुद्र किड्यावर मी बोलायला बसलो, याला कारण आहे. या किड्याचे माझ्यावर देणे आहे, ते आधी सांगून टाकतो.

मी तेव्हा एका लहान गावी शिक्षक होतो. साल 1984. गावात दोन वर्षे हुमणीने कहर केला होता. भुईमुगाचे वेल उभ्या उभ्या सुकायचे, ऊस हाताने ओढला तरी मुळासकट वर यायचा. हुमणी ही अळी. तिचा बाप म्हणजे पहिल्या वळवाबरोबर जमिनीतून निघणारा भुंगेरा. त्याला वेळीच मारले तर पुढची पिढी होत नाही, हे बरोबरच आहे, आणि आजही कृषी खाते हेच सांगते. गावाने ठरवले, शाळेने मुले द्यावीत. मी उत्साहाने पुढे झालो. संध्याकाळी शाळेच्या मैदानात पेट्रोमॅक्स टांगला, खाली रॉकेल घातलेल्या पाण्याचे घमेले ठेवले आणि मुलांना सांगितले, जो भुंगेरा दिसेल तो घमेल्यात टाका. मुलांना काय, सुगीच. तीन-चार रात्रींत डबेच्या डबे भरले. मी रोज सकाळी फळ्यावर आकडा लिहीत असे.

एके सकाळी गावचा म्हातारा गुराखी शाळेच्या कट्ट्यापाशी आला. सगळे गाव त्याला तात्या म्हणत असे. त्याने डब्यात बोटे घातली, थोडे उचलून तळहातावर पसरले आणि मला म्हणाला, "गुरुजी, ह्यो तांबडा मारला त्ये बेस केलं. पर ह्यो काळा कशापायी मारला?"

मी म्हणालो, "तात्या, भुंगेराच ना तोही?"

"भुंगेरा खरा. पर ह्यो पाल्याला तोंड लावत न्हाई. ह्याचं बिऱ्हाड शेणात. तुमी माज्या संगं या एकदा गायरानात."

मी डबा पालथा करून निवडायला बसलो. जवळजवळ निम्मे काळे होते. काळे भुंगेरेही रात्री उडतात आणि दिव्याच्या उजेडाला भुलतात, हे मला ठाऊक नव्हते. विज्ञानाचा शिक्षक म्हणवून घेणारा मी, आणि गुराख्याला जे दिसत होते ते मला दिसले नाही. फळ्यावरचा आकडा पुसला. मेलेले किडे काही परत येणार नव्हते.

म्हणून पहिली गोष्ट, ओळख. गावात भुंगेरे गोळा करण्याची मोहीम निघेल तेव्हा हे लक्षात ठेवा. हुमणीचा भुंगेरा बहुधा तांबूस-तपकिरी असतो, बोटाच्या पेरापेक्षा थोडा लहान, आणि तिन्हीसांजेला कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर बसून पाला खातो. शेणातला भुंगेरा बहुतेक काळा किंवा काळपट असतो आणि झाडावर पाला खात बसलेला कधी दिसणार नाही. त्याचे डोके बघा. पुढून ते फावड्यासारखे चपटे व रुंद असते, इतके की तोंड त्याखाली झाकून जाते. पुढचे पाय आखूड, रुंद व करवतीच्या दात्यांसारखे दातेरी असतात. खणणाऱ्याची हत्यारे ती. पाल्यावर बसणाऱ्याला त्यांचा काय उपयोग? माझा सल्ला असा की, दिव्यापेक्षा झाडाखाली चादर पसरून फांद्या हलवाव्यात. झाडावरून पडेल तो चोर. दिव्याचा सापळा लावायचाच असेल, तर घमेल्यात रॉकेल न टाकता सकाळी निवडून काळे सोडून द्यावेत. थोडे काम वाढते, पण होते.

आता कोणी म्हणेल, दोघे एकाच कुळातले ना? होय, आहेत. हुमणीचा भुंगेरा, शेणातला भुंगेरा आणि कोकणात नारळाचा कोंब पोखरणारा तो गेंड्यासारखा शिंगवाला भुंगा, हे एकमेकांचे भाऊबंद. तिघांची अळी पांढरी, जाड आणि अर्धचंद्रासारखी वाकलेली. म्हणून उकिरडा उपसताना एखादी पांढरी अळी दिसली की आपण सगळ्यांना एकाच नावाने शिव्या देतो. पण एका घरात एक भाऊ दरोडेखोर आणि दुसरा विहिरी खणणारा असू शकतो, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. शेणकिड्याची अळी पिकाच्या मुळाला शिवत नाही. ती आपल्या आईने बांधून दिलेल्या शेणाच्या गोळ्यातच जन्मते आणि त्यातच वाढते. गोळ्याबाहेर तिला जगच नाही.

तात्याबरोबर मी गायरानात गेलो तेव्हा जे पाहिले ते, आणि पुढे वाचून व पुष्कळ वर्षे पाहून जे कळले ते, असे दोन्ही मिळून सांगतो.

गाईने शेण टाकले की वाऱ्यावर वास जातो. भुंगेऱ्याच्या मिशांच्या टोकांना पंख्यासारखी मिटणारी-उघडणारी बारीक पाने असतात. त्या पानांनी तो वास घेतो आणि उडत येतो. ताज्या शेणात शंभर भागांत सुमारे ऐंशी भाग पाणीच असते. मोठा झालेला भुंगेरा शेणातला चोथा खातच नाही. त्याची तोंडाची अवयवे मऊ असतात, चावता येत नाही. तो शेणातला रस आणि अतिशय बारीक कण तेवढे गाळून घेतो. चोथा खाणारी दाढ असते ती अळीला. मोठ्यांनी पेज प्यायची आणि पोराने भाकरी चावायची, असे उलटे घर आहे हे.

मादी पोच्या खाली बीळ खणते. माती डोक्याने ढकलून वर आणते आणि शेण मिठीत धरून खाली नेते. बिळाच्या टोकाशी शेण ठासून ठासून ती त्याचा लांबट गोळा बनवते. एका टोकाला लहानशी खोली ठेवून त्यात एक अंडे घालते आणि तोंड बंद करते. एका गोळ्यात एकच अंडे. मग पुन्हा नवा गोळा, नवे अंडे. घरमाशी एका वेळेला शंभर-दीडशे अंडी टाकून मोकळी होते. ही मात्र प्रत्येक पोरासाठी घर बांधते, कोठी भरते, मगच अंडे घालते. पोरे कमी, पण प्रत्येकाची सोय केलेली.

यात एक गोष्ट अशी आहे की ती ऐकून आमच्या घरच्या मंडळींनाही गंमत वाटली. अंडे घालण्याच्या जागी मादी आपल्या विष्ठेचा एक बारीकसा थर ठेवते आणि त्यावर अंडे ठेवते. अळी अंड्यातून निघाली की तिचा पहिला घास हा. यातून आईच्या पोटातले उपयोगी सूक्ष्मजीव तिच्या पोटात जातात आणि मग तो कोरडा चोथा पचवायला तिला मदत करतात. वासराला आपण पहिला चीक पाजतो, खरवसाचा मोह थोडा आवरून. त्यातलाच हा प्रकार समजा.

अळीची पाठ कुबडासारखी वर आलेली असते. गोळ्याला कुठे तडा गेला तर ती वळते आणि आपल्याच विष्ठेने तो लिंपून टाकते, कारण आत हवा कोरडी शिरली तर अन्न वाळून दगड होईल. भिंत सारवून घेणारी बाई आणि ही अळी, काम एकच. ऊबदार दिवसांत काही जातींचा अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचा सारा प्रवास महिना-दीड महिन्यात उरकतो. मग पावसाने माती मऊ झाली की नवा भुंगेरा भिंत फोडून वर येतो.

शिंगांबद्दलही थोडे सांगतो, कारण मुले ते हमखास विचारतात. पुष्कळ जातींत नराच्या डोक्यावर शिंगे असतात. पण सगळ्या नरांच्या नाही. अळीला भरपूर शेण मिळाले तर नर मोठा होतो आणि त्याला शिंगे फुटतात. शेण कमी मिळाले तर तो लहान राहतो आणि बोडका राहतो. मोठा शिंगवाला बिळाच्या दाराशी पहारा देतो, दुसऱ्या नराशी झुंजतो. बोडका झुंजीच्या फंदात पडत नाही. तो बाजूने आपले आडवे बीळ खणून आतल्या मादीपर्यंत गुपचूप पोचतो. दोघांचाही वंश चालतो. झुंजणाऱ्यांची ताकद किती? ऑन्थोफॅगस टॉरस नावाच्या जातीवर 2010 साली रॉब नेल आणि ली सिमन्स या दोघा संशोधकांनी प्रयोग प्रसिद्ध केले. पाठीला दोरा बांधून वजन ओढायला लावले, तेव्हा सर्वांत जोरकस भुंगेऱ्याने स्वतःच्या वजनाच्या 1141 पट ओढ सोसली. सत्तर किलोच्या पैलवानाने ऐंशी टन ओढावेत, म्हणजे दहा-दहा टनांचे आठ भरलेले ट्रक, असा तो हिशेब होतो. बैलगाडा शर्यतीवाल्यांनी याची नोंद घ्यावी.

शेणातले सगळे भुंगेरे खालीच बीळ खणतात असे नाही. काही पोतच राहतात. काही शेणाची गोळी करून मागच्या पायांनी, डोके खाली करून, ढकलत दूर नेतात. ही गोळीवाली मंडळी आपल्याही माळावर आहेत. लहानपणी त्यांच्या मागे मागे आपण सगळेच चाललो आहोत. प्राचीन मिसरातल्या लोकांनी यांनाच पाहिले आणि आकाशातून सूर्याचा गोळा असाच कोणी ढकलत नेत असावा असे मानले. त्यांच्या खेप्री या देवाचे रूप भुंगेऱ्याचे होते.

पण शिक्षक बंधू-भगिनींसाठी मिसरातल्या देवापेक्षा फ्रान्समधल्या एका मास्तराची गोष्ट अधिक मोलाची आहे. त्यांचे नाव झाँ-आँरी फाब्र. 1823 साली गरीब घरात जन्मले, शाळामास्तर झाले आणि आयुष्यभर किडे पाहत राहिले. त्या काळी सर्वांचा समज असा की, भुंगेरा जी गोळी ढकलत नेतो तिच्यातच अंडे असते. आणि गोळी अडली की दुसरा भुंगेरा मदतीला धावून येतो. फाब्र यांनी पाहिले की तो मदतीला येत नाही, गोळी लांबवायला येतो. मालकाची पाठ फिरली की गोळी घेऊन पसार. आणि ढकललेल्या गोळ्या फोडून पाहिल्या तर आत अंडे नाही. ती नुसती शिदोरी. मग अंडे कुठे? 1879 साली त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला तेव्हा त्यांना उत्तर सापडलेले नव्हते. ते कबूल करून ते पाहत राहिले. अखेर एका तरुण मेंढपाळाला त्यांनी लक्ष ठेवायला सांगितले होते, त्याने जमिनीतून एक सुबक, पेरूसारखी निमुळत्या मानेची वस्तू काढून आणून दिली. त्या मानेत अंडे होते. मान निमुळती अशासाठी की तेवढ्या पातळ भागातून हवा आत जावी. ही हकीकत 1897 च्या पाचव्या खंडात आली. म्हणजे मधे अठरा वर्षे गेली. मोठ्या निरीक्षकालाही शेवटी गुराख्याकडे जावे लागले, हे वाचून मला माझा तात्या आठवला आणि थोडे बरेही वाटले.

गोळीवाल्यांची आणखी एक हकीकत सांगून पुढे जातो. गोळी घेतली की चोरांपासून लवकर लांब जायचे, म्हणून भुंगेरा सरळ रेषेत चालतो. रात्री चंद्र नसला तर? स्वीडनमधील मारी डाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेत याचा शोध घेतला. भुंगेऱ्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या इवल्याशा टोप्या घातल्या, की वर आकाश दिसू नये. टोपीवाले भरकटले. मग जोहान्सबर्गच्या तारांगणात नेऊन छतावर फक्त आकाशगंगेचा पट्टा दाखवला, तर ते नीट सरळ गेले. 2013 साली हे प्रसिद्ध झाले. शेणातला किडा आकाशगंगा पाहून वाट काढतो! पुढच्या वेळी मुलांना आकाशगंगा दाखवाल तेव्हा हेही सांगा.

असो. आता शेताच्या आणि गुरांच्या हिताचे बोलू.

हा भुंगेरा नसता तर काय झाले असते, याचे उत्तर एका सबंध देशाने अनुभवून दिले आहे. ऑस्ट्रेलियात मूळची गाय नाही. 1788 साली इंग्रजांच्या पहिल्या तांड्याबरोबर मोजकी गुरे तिथे उतरली आणि पुढे वाढत वाढत कोटीच्या वर गेली. एक गाय दिवसाला दहा-बारा पो टाकते. तिथेही शेणातले भुंगेरे होते, पण ते कांगारूच्या कोरड्या, लेंडीसारख्या विष्ठेला सरावलेले. गाईचा ओला, रुंद पो त्यांतल्या बहुतेकांच्या कामाचा नव्हता. परिणाम असा झाला की पो जिथे पडे तिथेच वाळून महिनोन् महिने पडून राही. त्याखालचे गवत मरे, आणि भोवतालच्या गवताला गुरे तोंड लावीत नसत. शेणात माश्या पैदा होत. माणसाच्या डोळ्या-तोंडावर बसणारी रानमाशी आणि गुरांचे रक्त पिणारी माशी यांनी लोक इतके हैराण झाले की, तोंडापुढे सतत हात हलवणे याला थट्टेने 'ऑस्ट्रेलियन सलाम' असे नाव पडले.

हंगेरीहून आलेले जॉर्ज बॉर्नेमिसा हे कीटकशास्त्रज्ञ 1950 च्या अखेरीला पश्चिम ऑस्ट्रेलियात उतरले. माळभर वाळलेले पो पाहून त्यांच्या मनात आले, आमच्या देशात तर असे दिसत नाही. का? तिथे गाईबरोबर युगानुयुगे राहिलेले भुंगेरे आहेत, इथे नाहीत. हा साधा विचार पुढे मोठ्या योजनेचे मूळ ठरला. 1965 ते 1985 या काळात तिथल्या सी.एस.आय.आर.ओ. या सरकारी संशोधन संस्थेने आफ्रिका, युरोप वगैरे भागांतून भुंगेऱ्यांच्या जाती आणल्या. शेणाबरोबर गुरांचा रोग येऊ नये म्हणून भुंगेरे सरसकट आणून सोडले नाहीत. त्यांची अंडी काढून, औषधी पाण्याने धुऊन पाठवीत आणि ऑस्ट्रेलियात माणसांनी हाताने केलेल्या शेणाच्या गोळ्यांत एकेक ठेवीत. शिकलीसवरलेली माणसे मेजाशी बसून शेणाच्या गोळ्या वळत आहेत, असा तो देखावा. 1968 साली उत्तर क्वीन्सलंडात सोडलेल्या ऑन्थोफॅगस गॅझेला या लहान जातीने झपाट्याने प्रदेश व्यापला. एकंदर 43 जाती सोडल्या, त्यांतल्या 23 रुजल्या. जिथे त्या चांगल्या रुजल्या तिथे पो दोन-चार दिवसांत मातीत जाऊ लागला आणि माशांचा उपद्रव पुष्कळ उतरला.

त्यांना जे इतक्या खटपटीने आणावे लागले, ते आपल्याकडे आयते आहे. मजुरी नाही, की भांडवल नाही.

यात एक खुलासा करायला हवा. गोठ्यातले शेण भुंगेऱ्यासाठी सोडा असे मी म्हणत नाही. ते उकिरड्यात गेले पाहिजे, गोबर गॅसच्या टाकीत गेले पाहिजे, नीट कुजून शेतात गेले पाहिजे. गोवऱ्या थापणाऱ्या बायका आणि भुंगेरे यांची जुनी स्पर्धा आहे, आणि बायका लवकर उठतात. पण गायरानात, डोंगरउतारावर, बांधावर, पडीक माळावर जे शेण पडते आणि आपल्या हाती लागत नाही, ते उन्हात पडून राहिले तर त्यातला नत्र हवेत उडून जातो आणि उरतो तो निःसत्त्व भुस्सा. भुंगेरा तेच शेण ओले असताना जमिनीत मुळांपर्यंत नेतो. त्याच्या बिळांनी घट्ट मुरमाड जमिनीला भोके पडतात आणि पावसाचे पाणी वाहून जाण्याऐवजी आत मुरते. पो विस्कटला, वाळला की माशीच्या अळ्यांना ओल मिळत नाही. जंताची अंडी शेणातून पडतात. त्यांतून निघालेली पिले गवतावर चढून पुन्हा गुरांच्या पोटात जातात, त्यांनाही यामुळे पुष्कळ अडसर होतो.

जंतांचा विषय निघाला, आणि खरी काळजीची गोष्ट इथेच आहे.

गुरांच्या जंतांवर आणि गोचिडांवर आयव्हरमेक्टिन नावाचे औषध आहे. टोचतात, पाजतात, पाठीवरही ओततात. औषध फार गुणाचे आहे, त्याची निंदा मी करणार नाही. जपानच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ते निघाले. त्यामुळे आफ्रिकेत असंख्य माणसांची दृष्टी वाचली, आणि त्यासाठी सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्बेल यांना 2015 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण हे औषध गुराच्या अंगात जिरून संपत नाही. त्याचा बराच भाग जसाच्या तसा शेणावाटे बाहेर पडतो आणि किडे मारण्याचा आपला धर्म तिथेही सोडत नाही. 1987 साली वॉल आणि स्ट्राँग या दोघा इंग्रज संशोधकांनी दाखवून दिले की, असे औषध दिलेल्या गुरांचे शेण कुरणात फार काळ तसेच पडून राहते, कारण त्यात किडेच जगत नाहीत. भुंगेऱ्याच्या अळ्या मरतात. मोठे भुंगेरे थोड्या औषधाने मरत नाहीत, पण त्यांची वास घेण्याची शक्ती मंदावते आणि पाय नीट चालत नाहीत, असे 2015 साली स्पेनमधल्या संशोधकांना आढळले. ज्याला वासानेच शेण शोधायचे, त्याचे नाक गेले तर राहिले काय?

दुर्दैव असे की आपण बहुधा पावसाच्या तोंडाशी गावातली सगळी गुरे एकदम टोचून घेतो आणि दुसऱ्या दिवशी गायरानात सोडतो. भुंगेऱ्यांचा अंडी घालण्याचा हंगामही तोच. आमच्याकडे एका वर्षी असेच झाले. आषाढात गायरानावर फिरलो तर पो कोरड्या भाकरीसारखे पडलेले. काडीने उचलले, खाली भोक नाही. काय झाले ते चौकशी केल्यावर कळले.

यावर उपाय अवघड नाहीत. जंतांचे औषध द्यायचेच, जनावर खंगू द्यायचे नाही. पण शेण तपासून, ज्याला गरज आहे त्यालाच द्यावे. पशुवैद्यकीय दवाखान्यात शेणाचा नमुना नेला तर जंत आहेत की नाहीत ते सांगतात. दुकानातून बाटली आणून आपल्याच हाताने टोचू नये. दुभत्या जनावराच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण दुधाचाही प्रश्न आहे. सगळीच जंतनाशके सारखी नसतात. काही शेणकिड्यांना फारशी बाधत नाहीत, तेव्हा दुसरे चालेल का हे डॉक्टरांना सरळ विचारावे. गोचिडांवर अंगाला लावायची काही औषधेही शेणात उतरतात, त्यांचेही विचारावे. आणि औषध टोचलेच, तर ते जनावर निदान दोन आठवडे गोठ्यात किंवा घराजवळ बांधून चारावे आणि त्याचे शेण वेगळ्या खड्ड्यात कुजवावे. ज्यांच्याकडे दोन-चार जनावरे आहेत त्यांना हे जमण्यासारखे आहे. मोठा कळप असणाऱ्या धनगर-गवळी मंडळींना कठीण जाईल, हे मी जाणतो. त्यांनी निदान सारा कळप एकाच दिवशी टोचू नये. काही जनावरांचे शेण निर्मळ राहिले तरी बीज टिकते.

शेवटी शिक्षकांसाठी एक प्रयोग सांगतो. खर्च काही नाही. पावसाळ्यात, दोन सरींच्या मधली उघडीप बघून सकाळी लवकर, जिला अलीकडे औषध दिलेले नाही अशा गाईचे अगदी ताजे शेण घ्या. किलोकिलोचे दोन सारखे पो शाळेमागच्या मोकळ्या जागेत, दहा पावलांच्या अंतरावर ठेवा. एक उघडा राहू द्या. दुसऱ्यावर मच्छरदाणीचे कापड ताणून त्याच्या कडा सगळीकडून मातीत पुरा. मुलांना दुपारी, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी आणि चौथ्या दिवशी दोन्हींची चित्रे काढायला लावा. चौथ्या दिवशी दोन्ही पो बाजूला करून त्या जागी तळ नसलेला पत्र्याचा डबा जमिनीत बोटभर दाबून बसवा, त्यात तांब्याभर पाणी ओता आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते मोजा. दोन जागांचे आकडे मुलांनीच फळ्यावर लिहावेत.

उघड्या पोखालचे आठ-दहा काळे भुंगेरे काचेच्या मोठ्या बरणीत ठेवता येतील. बरणी पाऊण भाग ओलसर, चाळलेल्या मातीने भरा, वर मूठभर ताजे शेण ठेवा, तोंडाला पातळ फडके बांधा आणि काचेभोवती काळा कागद गुंडाळा. आठ-दहा दिवसांनी कागद काढला तर काचेला लागून एखादे बीळ आणि त्याच्या टोकाचा गोळा दिसण्याचा संभव आहे. गोळे फोडू देऊ नका. माती वाळत आली तर पाणी शिंपडा. प्रत्येक वेळी मुलांचे हात साबणाने धुवून घ्या. महिना-दीड महिन्याने नवे भुंगेरे वर येतील तेव्हा बरणी संध्याकाळी गायरानावर न्या आणि ताज्या पोजवळ आडवी करा. ते थोडा वेळ कडेशी थांबतात, मिशांची पाने उघडतात आणि मग अंधारात उडून जातात.